महालातले मोडी वाचक आणि आमच्या तांडेलाचे पाच कागद

आमचं आडनाव तांडेल. बँकेत काउंटरवर बसून मला सव्वीस वर्षं झाली, आणि या सव्वीस वर्षांत निदान हजार जणांनी विचारलं असेल, "तांडेल म्हणजे कुठले जी तुम्ही?" मी सांगायची, मूळचे विजयदुर्गाकडचे, आणि लगेच पुढचं वाक्य जोडायची, आमचा मूळ पुरुष आंग्र्यांच्या आरमारात सरदार होता. बाबांनी मला तसं सांगितलं होतं, त्यांना त्यांच्या वडिलांनी. पणजोबा बोटीवर आगवाले होते, म्हणजे बॉयलरच्या भट्टीत कोळसा टाकणारे. तिथून ते नागपुरात एम्प्रेस मिलच्या बॉयलरवर आले आणि घर कायमचं इथलं झालं. समुद्र मागे राहिला, सरदार तेवढा सोबत आला.

गेल्या वर्षी कोकणातल्या चुलत भावांनी जुनं घर उतरवलं तेव्हा माळ्यावर बांबूचं एक नळकांडं सापडलं. दोन्ही तोंडांना मेण लावलेलं. आत गुंडाळून ठेवलेले पाच कागद, एकूण सात पानं, सगळी मोडीत. भावांनी ते जपून माझ्याकडे पाठवले, कारण घरात या गोष्टींचा ध्यास मलाच. ज्यांच्याकडून मी हे कागद वाचून घेतले त्यांच्या कामाबद्दल हे लिहिते आहे. घरोघरी असे कागद पडून असतात, आणि ते कोणाला दाखवावेत हा प्रश्न माझ्यासारखा पुष्कळांना पडत असणार.

सुरुवातीला मी चूक केली, तीही सांगते. इंटरनेटवर पूर्वजांचा शोध घेऊन देणारी एक कंपनी सापडली. मोबाइलवर काढलेले फोटो पाठवायचे, ४,९९९ रुपये भरायचे, पंधरा दिवसांत रिपोर्ट. मी भरले. रिपोर्ट आला तो गुळगुळीत कागदावर, सोनेरी किनार, वर शिडांच्या जहाजाचं चित्र. त्यात लिहिलं होतं की आमचे पूर्वज १७९२ साली आंग्र्यांच्या आरमाराचे सरदार होते. बाबांना मी तो वाचून दाखवला, ते खूश झाले, आम्ही फ्रेम करायला टाकणार होतो. मूळ मजकूर काय आहे हे मी तीनदा विचारलं. अक्षरशः लिप्यंतर एकदाही मिळालं नाही. मिळाली ती नुसती "सारांश" नावाची चार वाक्यं. तेव्हा शंका आली.

नागपूरच्या महाल भागातल्या या मोडी वाचणाऱ्या काकांचं नाव मला मोडीच्या वर्गाला जाणाऱ्या एका मैत्रिणीनं सुचवलं. नाव, नंबर मी इथे देत नाही, त्यांनीच मनाई केली आहे. एका वेळी दोन-तीन घरांचंच काम ते घेतात. बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत जुना वाडा, लाकडी अरुंद जिना, वरच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीशी टेबल. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं, आणि मोडी त्यांनी वडिलांकडून घेतली. भोसल्यांच्या काळातली घरं आजूबाजूला असल्यामुळे महालात असे कागद त्यांच्याकडे सतत येतात. खरेदीखतं, वाटण्या, इनामाच्या सनदा. समुद्राचे कागद मात्र पहिल्यांदाच आले, असं ते म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. मग त्यांनीच सांगितलं की नागपूरचा समुद्राशी संबंध नाही असं समजू नका. १७५१ पासून १८०३ पर्यंत कटक आणि बालासोर भोसल्यांकडे होतं, म्हणजे बावन्न वर्षं या गादीला किनारा होता. मी इथेच जन्मले, वाढले, आणि हे मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

फोटो त्यांनी पाहिलेच नाहीत. "मोबाइलचा फोटो मी वाचत नसतो, ताई. मूळ कागद आणा, नाही तर ६०० डीपीआयचा स्कॅन आणा." कारणही दाखवलं. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. शब्द कुठे संपला ते कळायला शाईचा जोर पाहावा लागतो, बोरू कुठे टेकला, कुठे सुकत आला. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मोडीत पाळत नाहीत, शब्द तोडून लिहीत नाहीत. फोटोत शाईचा जोर दिसत नाही आणि वाचणारा अंदाजावर जातो.

पहिलाच कागद घेतला आणि दहा मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग पेन्सिलचं टोक दुसऱ्या ओळीवर धरलं. "सन सबा मयातैन व अलफ." मी नुसती पाहत राहिले. त्यांनी वहीवर उभी बेरीज मांडली: सबा म्हणजे ७, मयातैन म्हणजे २००, अलफ म्हणजे १०००. एकूण १२०७. हे शुहूर सन, मृगापासून सुरू होणारं, मराठी दफ्तरात चालायचं ते. यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, की इसवी सन येतं. म्हणजे १८०६-०७. त्या कंपनीनं १२०७ ला हिजरी धरलं म्हणून १७९२ आलं. पुढे "छ" असं एक अक्षर आणि आकडा होता. छ म्हणजे चंद्र, महिन्यातली तिथी मुसलमानी चंद्रावरून.

आणि त्या एका बेरजेबरोबर आमचा सरदार गेला. कारण विजयदुर्ग आंग्र्यांकडे राहिलाच नव्हता. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांचं आरमार समुद्राकडून आणि पेशव्यांची फौज जमिनीकडून चालून गेली, तुळाजी आंग्रे कैदेत पडला, आणि त्याच वर्षी किल्ला पेशव्यांच्या ताब्यात आला. पुढे तिथे पेशव्यांचा आरमारी सुभा बसला, धुळप घराण्याचा. १८०६ चा कागद धुळपांच्या काळातला. त्यात वरच्या ओळीत ज्या माणसाचं नाव मानानं लिहिलं आहे तो गलबतावरचा सारंग, आणि तो आमच्या घराण्यातला नाही. आमच्या माणसाचं नाव चौथ्या ओळीत, हाताखालच्या माणसांत, पुढे हुद्दा: तांडेल. घरातल्या कोणी तरी कधी काळी पहिली ओळ वाचली असणार, "सारंग"चं "सरदार" केलं असणार आणि नाव आपलं मानलं असणार.

मला वाईट वाटलं. तोंडावर दिसलं असेल. मी म्हटलं, काका, नीट बघा ना, सरदार असं कुठे काही? ते रागावले नाहीत. म्हणाले, "कागद बोलते तेवढंच मी सांगीन, ताई. बाकीचं तुमचं मन बोलून राहिलं." आणि मग तांडेल या शब्दाबद्दल त्यांनी अर्धा तास घालवला, त्याचे पैसे घेतले नाहीत. किनाऱ्यावर तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, वारा-पाणी, खडक, भरती सगळं ज्याच्या डोक्यात ठरतं तो माणूस. मोठ्या जहाजावर तोच तांडेल सारंगाच्या खाली येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरही हीच उतरंड कायम राहिली. वर सारंग, मग तांडेल, मग खलाशी, आणि इंग्रज या सगळ्यांना मिळून लास्कर म्हणत. हाच आमचा हुद्दा आणि हेच आमचं आडनाव. दोनशे वर्षं आम्ही खरा शब्द नावात बाळगत आलो आणि खोटा अभिमानानं सांगत आलो.

दुसरा कागद हिशेबाचा, त्यावर फार लिहीत नाही. नारळ, सुंभ, भात. तिसऱ्या कागदासाठी मात्र मी हे सगळं लिहायला बसले.

ते पत्र आहे. मुंबईहून घरी आलेलं, शके १७४१, प्रमाथी नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध. म्हणजे ऑक्टोबर १८१९ चा उत्तरार्ध किंवा त्याला लागून. मधल्या काळात १८१८ साली पेशवाई बुडाली, विजयदुर्ग इंग्रजांनी घेतला, धुळपांचं आरमार संपलं. आरमारातला माणूस पोट भरायला मुंबईला गेला आणि कंपनीच्या जहाजावर चढला. पत्र त्यानं स्वतः लिहिलेलं नाही, कोणा लेखकाकडून लिहून घेतलेलं आहे. काकांनी पानावर बोट ठेवून दाखवलं: "साष्टांग नमस्कार विनंती उपरी येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे", हा मायना, हा सगळ्याच पत्रांत असतो, हा लेखकाचा. शेवटचं "बहुत काय लिहिणे" हेही लेखकाचं. दोन्ही बाजूला काढा. मधल्या चार ओळी उरतात, त्या तुमच्या माणसाच्या.

त्या चार ओळी अशा: मस्कतेकडे जाणे आहे. सात रुपये व दोन लुगडी, मग एक नाव, त्याचे हस्ते पाठविली आहेत. धाकट्यास ताप येत होता तो राहिला की कसे ते लिहिणे. होडी उपडी घालून ठेवणे, कोणास देऊ नये.

जिथे नाव आहे तिथे पाण्याचा डाग आहे. काकांनी लिप्यंतरात तिथे चौकोन काढला आणि समासात लिहिलं, "तीन अक्षरे, पहिले बहुधा ग, पुढील लागत नाहीत." वाचलेल्या पानांत असे अकरा चौकोन आहेत. अंदाजानं भरलेला एकही नाही. पहिल्यांदा मला ते कमी वाटलं, पैसे दिल्यावर पूर्ण वाचून मिळायला हवं असं वाटलं. आता मी त्याच चौकोनांवरून बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवते.

मस्कत वाचल्यावर मी घरी येऊन शोधत बसले. नोव्हेंबर १८१९ मध्ये मुंबईहून मोठी मोहीम निघाली होती, इराणच्या आखातात रास-अल-खैमावर, जनरल कीर हाताखाली फौज घेऊन. डिसेंबरात ते बंदर पडलं, आणि जानेवारी १८२० मध्ये तिथल्या शेखांशी तह झाला. तारखा इतक्या जुळत होत्या की मी रात्री साडेदहाला काकांना फोन केला. ते म्हणाले, जुळतात खऱ्या, पण मस्कतेला मुंबईहून जहाजं नेहमीच जात, व्यापाराची, टपालाची. कागदात मस्कत आहे, रास-अल-खैमा नाही. "शक्यता म्हणून वेगळ्या कागदावर लिहून ठेवा. लिप्यंतराच्या कागदावर नको." मी तसंच केलं.

पुढचा मार्गही त्यांनीच सांगितला, आणि त्याचेही पैसे लावले नाहीत. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे कंपनी सरकारच्या मुंबई इलाख्याची दफ्तरं आहेत. लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची दफ्तरं, त्यात कंपनीच्या जहाजांच्या रोजनिश्या. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची 'अभिलेख पटल'वर घरबसल्या पाहता येते. कोणालाही पैसे देण्याआधी या सूच्या स्वतः पाहा, असं त्यांनी बजावलं. माझा भाचा मुंबईला दोन दिवस जाऊन बसला. आमच्या माणसाचं नाव मिळालं नाही. काकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की बहुतेक मिळणार नाही. खलाशांची टोळी सारंग जमवायचा, उचल त्याच्या हातात, पगार त्याच्यामार्फत, त्यामुळे साहेबांच्या कागदांत पुष्कळदा सारंगाचं नाव आणि पुढे नुसती माणसांची संख्या. १८२३ च्या विलायतेतल्या कायद्यानं तर हिंदी खलाशांना ब्रिटिश नाविक मानायचंच नाही असं लिहून ठेवलं. ज्यांनी शिडं ओढली त्यांची नावं मोठ्या दफ्तरांत नाहीत, ती असली तर अशा बांबूच्या नळकांड्यांत आहेत. हे लिहिताना मला आजही राग येतो.

त्याच काळात वाडिया मंडळींनी मुंबईच्या गोदीत बांधलेलं एक सागवानी जहाज, १८१७ चं 'त्रिंकोमाली', अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे. मी बाबांना त्याचा फोटो दाखवला. त्यांनी विचारलं, आपल्या माणसानं हे पाहिलं असेल का? मी म्हटलं, पत्र लिहिलं तोवर ते विलायतेला पोचलं होतं. पण गोदीत अशीच दुसरी असतील. त्यांनी मान हलवली.

बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. काकांच्या जिन्यानं त्यांना चढवणं शक्य नव्हतं, ही या ठिकाणची खरी अडचण आहे, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका. मी लिप्यंतर घरी आणून वाचलं. मे महिना, कूलर चालू, मला ओरडून वाचावं लागत होतं. सरदार नव्हता हे मी भीत भीत सांगितलं. त्यावर ते काहीच बोलले नाहीत, मी पत्र वाचलं. तिसऱ्या ओळीशी त्यांनी हात वर केला आणि कूलर बंद करायला सांगितला. पुन्हा वाच म्हणाले. मी पुन्हा वाचलं. मग त्यांनी विचारलं, "मग उतरला होता का ताप?"

उत्तराचं पत्र आमच्याकडे नाही, असणारही नाही, ते मुंबईला गेलं असेल. पण तीन आठवड्यांनी काकांचा स्वतःहून फोन आला. चौथा कागद लागला होता. वाटणीपत्र, शके १७६६, म्हणजे १८४४-४५. त्यात बाप वारलेला आहे आणि दोन भाऊ घर, माड आणि जागा वाटून घेत आहेत. नावांच्या पुढे वडील आणि धाकटे असं स्पष्ट लिहिलं आहे. आमची शाखा धाकट्याची, हे कोकणातल्या भाऊबंदांकडच्या नावांशी ताडून पाहिलं, जुळलं. "तुमच्या बाबूजींना सांगा," ते म्हणाले. आणि लगेच पुढे, "पण एक लक्षात ठेवा. पत्रातला धाकटा हाच, असं मला छातीठोक सांगता येत नाही. तिसरा असेल, आणि राहिला नसेल." तेवढं बोलताना त्यांचा आवाज खाली आला होता.

मी बाबांना दोन्ही सांगितलं. काकांनी मला तसं शिकवलं आहे म्हणून दोन्ही सांगितलं. बाबांनी वाटणीपत्रातल्या धाकट्याचं नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलं, आणि ती देवाच्या फळीवर ठेवली आहे. जहाजाचं चित्र असलेला तो रिपोर्ट कपाटात आहे.

आता व्यवहाराचं. साध्या पानाला २५० रुपये, खराब पानाला ४०० रुपये, काम हातात घेताना निम्मे. माझ्या सात पानांना सव्वा महिना लागला, घाई चालत नाही. लिप्यंतर संगणकावर टाइप करून मिळत नाही, ओळीला ओळ लावून हातानं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, लिहून देतात, अक्षर सुरेख आहे, टाइप मी नंतर केलं. सोबत एक स्वतंत्र पान अवघड शब्दांचं. उन्हाळ्यात फक्त सकाळी अकरापर्यंत बसतात. कागद ठेवून घेताना प्रत्येक पानाची लांबी-रुंदी मोजून पावती देतात, ही पद्धत मला फार आवडली. कागद लॅमिनेट करू नका, इस्त्री करू नका, चिकटपट्टी लावू नका, हे पहिल्याच दिवशी सांगतात. मी चिकटपट्टी लावून बसले होते. त्यांनी ती तशीच ठेवली, ओढून काढली तर शाई सोबत येईल म्हणाले. आता आमचे कागद सुती कापडात, सपाट ठेवलेले आहेत.

पाचव्या कागदाचे ४०० रुपये त्यांनी परत दिले. तो जवळजवळ सगळा पाण्यानं धुतला गेला आहे, वरच्या कोपऱ्यात "मुंबई" आणि खाली एक आकडा, बाकी करडे पट्टे. मी पैसे घ्यायला तयार नव्हते, त्यांनी पावतीवर "वाचता आला नाही" असं लिहून माझी सही घेतली. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा घेऊन यायला सांगितलं आहे. सकाळी साडेसातला त्या खिडकीतून ऊन तिरपं येतं, कागद डोळ्याच्या पातळीला धरला तर बोरूनं उठलेले खळगे कधी कधी दिसतात म्हणे. मी त्या आठवड्यात रजा टाकून ठेवली आहे.